राज्य बुडालं, लिपी टिकली

आर्मेनियाची राजधानी येरेवान. तिच्या वायव्येला ओशाकान नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चखालच्या तळघरात मेस्रोप माश्तोत्स या पाचव्या शतकातल्या भिक्षूची समाधी आहे. पहिलीची मुळाक्षरं शिकून झाली की कितीतरी शाळा आपल्या मुलांना तिथे दर्शनाला आणतात. माश्तोत्सने लढाई जिंकली नाही की राजघराणं स्थापलं नाही. त्याने आर्मेनियन भाषेला अक्षरं दिली, एवढ्यासाठी हा मान. चर्चच्या आवारात एकेक अक्षर दगडात कोरून उभं केलं आहे. तिथून पुढे आरागात्स पर्वताच्या उतारावर आर्ताशावान गावाजवळ २००५ साली लिपीला सोळाशे वर्षं झाली म्हणून एकोणचाळीस दगडी अक्षरं उभारली. येरेवानमधल्या एका मुख्य रस्त्याला सोव्हिएत काळात लेनिनचं नाव होतं, आता माश्तोत्सचं आहे.

लिपीचं एवढं कौतुक करणारे समाज जगात मोजकेच असतील. या कौतुकात भाबडेपणा आहेच, पण त्याच्यामागे सोळा शतकांचा भक्कम व्यवहारही आहे. या लेखात मुख्यतः तो व्यवहार पाहायचा आहे.

दोन साम्राज्यांच्या मधे

आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला तो परंपरेनुसार ३०१ साली. काही अभ्यासक हे वर्ष थोडं पुढे नेतात. धर्म आला तरी पुढची शंभर वर्षं धर्मग्रंथ परक्या भाषेतच राहिले. कुठे ग्रीक वाचली जाई, कुठे सिरियाक. दरबारी लिखापढीही ग्रीक, सिरियाक आणि फारसीत चाले. लोकांची भाषा आर्मेनियन होती आणि तिला लिपीच नव्हती.

त्यात ३८७ साली रोम आणि इराण या दोन साम्राज्यांनी आर्मेनिया वाटून घेतला. मोठा पूर्व भाग इराणच्या छायेत गेला. तिथे आर्मेनियन राजा होता, पण मांडलिक. पश्चिमेचा तुकडा रोमन सत्तेकडे राहिला. ग्रीकमधून उपासना करणारं चर्च कॉन्स्टँटिनोपलच्या तोंडाकडे बघणार आणि सिरियाकवर चालणारं चर्च इराणच्या हद्दीतल्या सिरियन पाद्र्यांच्या कलाने जाणार, हे उघड होतं. दोघांपासून सारखं अंतर राखायचं तर तिसरी, स्वतःची वाट हवी होती.

माश्तोत्स तारोन प्रांतातला. ग्रीक शिकलेला, राजदरबारात लेखनिकाचं काम केलेला. पुढे दरबार सोडून भिक्षू झाला आणि गोघ्त्न नावाच्या भागात धर्मप्रचार करू लागला. धर्मग्रंथ वाचून दाखवायचा तर सगळं तोंडी समजावून सांगावं लागे, कारण ऐकणाऱ्याला वाचलेलं कळतच नसे. ही अडचण त्याने चर्चप्रमुख साहाक पार्तेव याच्याकडे नेली. दोघं मिळून राजा व्रामशापुहकडे गेले. भिक्षू, धर्मगुरू आणि राजा यांचं एकाच कामावर एकमत झालं. श्रद्धा आणि राजकारण यांतलं नेमकं काय जास्त प्रभावी ठरलं हा वाद अभ्यासक अजून घालतात. माझ्या मते राजाला राजकारण कळत होतं, माश्तोत्सला श्रोत्यांची अडचण, आणि दोघांनाही एकमेकांची गरज होती.

आधी एक लिपी फसली

राजाने प्रथम सोपा उपाय केला. दानिएल नावाच्या एका सिरियन बिशपकडे आर्मेनियन भाषेसाठी म्हणून काही अक्षरं आहेत असं त्याला कळलं होतं. ती मागवली आणि मुलांना शिकवायला घेतली. साधारण दोन वर्षांत लक्षात आलं की या अक्षरांत आर्मेनियन उच्चार पुरे मावत नाहीत. मग माश्तोत्स शिष्यांना घेऊन एडेसा, आमिद, सामोसाता या शहरांकडे निघाला. त्या काळी एडेसा विद्येचं मोठं केंद्र होतं. तिथे त्याने अक्षरांची योजना पक्की केली आणि सामोसातामध्ये रुफिनस नावाच्या ग्रीक सुलेखनकाराकडून त्यांची वळणं नीट बसवून घेतली. हे साल साधारण ४०५.

हे सगळं कळतं ते कोर्युन या त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रामुळे. गुरूच्या मृत्यूनंतर, म्हणजे ४४० नंतर थोड्याच वर्षांत, ते लिहिलं गेलं. लिपी कोणी, कुठे, कोणत्या गरजेतून केली हे समकालीन माणसाने लिहून ठेवल्याची उदाहरणं फार कमी. कोरियाचा राजा सेजोंग आणि त्याची पंधराव्या शतकातली हंगुल लिपी हे त्यातलं दुसरं ठळक उदाहरण. माश्तोत्सला दृष्टांत झाला आणि एका दैवी हाताने दगडावर अक्षरं लिहून दाखवली, ही कथा मोव्सेस खोरेनात्सीच्या इतिहासात येते. कोर्युनच्या वृत्तांतात मात्र ईश्वरी कृपेबरोबरच प्रवास आहे, चाचण्या आहेत, कारागीर आहे. मला तोच जास्त भावतो.

नव्या अक्षरांत पहिलं वाक्य लिहिलं गेलं ते बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या आरंभीचं, ज्ञान आणि शिकवण यांच्याविषयीचं. अक्षरं घेऊन माश्तोत्स परतला तेव्हा राजा लवाजम्यासह नदीकाठापर्यंत सामोरा आला, असं कोर्युन सांगतो.

शेजारच्या जॉर्जियन आणि कॉकेशियन अल्बेनियन लोकांच्या लिप्याही माश्तोत्सनेच घडवल्या असंही कोर्युनने लिहिलं आहे. जॉर्जियन अभ्यासकांना हे मान्य नाही आणि दोन्हीकडचे लोक या प्रश्नावर आजही तावातावाने बोलतात. अल्बेनियन लिपी तर वापरातून पार गेली होती. १९३७ साली एका जुन्या आर्मेनियन हस्तलिखितात तिच्या अक्षरांचा तक्ता सापडला. पुढे सिनाई पर्वतावरच्या मठात, आधीचा मजकूर खरवडून वर दुसरा लिहिलेल्या कातडी पानांवर त्या लिपीतला प्रत्यक्ष मजकूर मिळाला, तेव्हा ती वाचता आली.

छत्तीस अक्षरांत काय बसवलं

आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली भाषा, म्हणजे मराठीची दूरची नातलग. पण त्या कुळात तिची शाखा स्वतंत्र आहे. तिच्यात फारसी शब्द इतके शिरले आहेत की १८७५ पर्यंत तिला इराणी भाषांपैकीच एक समजत. त्या वर्षी हाइनरिख ह्युब्शमान या जर्मन पंडिताने तिचं वेगळेपण सिद्ध केलं.

लिपीची दिशा डावीकडून उजवीकडे, स्वरांना स्वतंत्र अक्षरं, आणि क्रमाचा सांगाडा ग्रीकसारखा. आर्मेनियनचे खास उच्चार त्या क्रमात मधेमधे घातलेले. आद्य अक्षरं छत्तीस. पहिलं 'आयब', दुसरं 'बेन', म्हणून वर्णमालेला 'आयबुबेन' म्हणतात. पहिल्या अक्षराने देवाचं नाव सुरू होतं आणि मूळच्या शेवटच्या अक्षराने ख्रिस्ताचं, हे प्रत्येक आर्मेनियन शाळकरी पोराला सांगितलं जातं. मध्ययुगात 'ओ' आणि 'फ' या उच्चारांसाठी दोन अक्षरं वाढली, आणि विसाव्या शतकात 'आणि' या अर्थाचं एक जोडाक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून मोजू लागले. अशी आजची एकोणचाळीस झाली.

माश्तोत्सचा कान किती तयार होता हे मराठी वाचकाला चटकन कळेल. 'चार' आणि 'चारा' या शब्दांत आपण दोन वेगळे च उच्चारतो, 'जय' आणि 'जावई' यांत दोन वेगळे ज, पण लिहितो एकाच अक्षराने. परभाषक मराठी शिकताना इथेच अडखळतो. आर्मेनियनमध्ये या दोन्ही जातींचे उच्चार आहेत, शिवाय प्रत्येकात अल्पप्राण आणि महाप्राण असा भेद. तिथे या कुटुंबातल्या सहा उच्चारांना सहा निरनिराळी अक्षरं दिली आहेत. प, त, क यांच्या प्रत्येक गटातही घोष, अघोष आणि महाप्राण अशी तीन तीन अक्षरं. र सुद्धा दोन, एक हलका आणि एक दणदणीत. ग्रीक किंवा सिरियाक अक्षरं उसनी घेऊन हे जमलं नसतं. दानिएलची लिपी इथेच तोकडी पडली.

दोन ठिकाणी मात्र लिपी उच्चाराशी तंतोतंत जुळत नाही. 'उ' लिहायला दोन अक्षरं लागतात. ही सवय सरळ ग्रीककडून आली. दुसरी गंमत अशी, की शब्दाच्या पोटातला अस्पष्ट 'अ' बहुधा लिहीतच नाहीत. त्यामुळे म्कर्त्च्यान यासारख्या आडनावात सुरुवातीला व्यंजनांची रांगच लागते. फुटबॉलपटू मखितारयान याच्या नावातही म आणि ख यांच्यामध्ये लेखी स्वर नाही. बोलताना सगळे तो आपोआप घालतात.

विरामचिन्हंही स्वतःची. पूर्णविराम आपल्या विसर्गासारखा दोन टिंबांचा. प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येत नाही. ज्या शब्दाबद्दल प्रश्न आहे त्याच्याच शेवटच्या स्वरावर ते चढतं. 'तू काल आलास?' यात शंका 'तू'ची आहे, 'काल'ची की येण्याची, हे नुसतं लिहिलेलं पाहूनही कळतं. ही सोय इतर भाषांनी अजून का उचलली नाही याचं मला नवल वाटतं.

अक्षर हाच आकडा

छत्तीस म्हणजे नऊ गुणिले चार. पहिली नऊ अक्षरं एक ते नऊ, पुढची नऊ दहा ते नव्वद, मग शतकं, मग नऊ हजारपर्यंतचे हजार. अरबी आकडे रुळेपर्यंत हिशेब, पृष्ठांक, शिलालेखांवरची वर्षं सगळं अक्षरांतच. आर्मेनियन शक ५५२ सालापासून मोजला जातो, म्हणून जुन्या दगडावर अक्षरांत कोरलेल्या वर्षात ५५१ मिळवले की आपलं इसवी सन मिळतं.

तेवीस वर्षांनी राजा गेला

लिपी आल्याबरोबर माश्तोत्सने शाळा काढल्या. इराणच्या बाजूला राजाचा पाठिंबा होताच. रोमन बाजूच्या आर्मेनियन लोकांसाठी त्याने सम्राट दुसऱ्या थिओडोसियसकडून परवानगी मिळवली. म्हणजे मधे सीमा होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना एकच वर्णमाला शिकवली जाऊ लागली. तरुणांना एडेसा आणि कॉन्स्टँटिनोपलला पाठवून ग्रंथ आणवले. बायबलचं भाषांतर झालं, मग धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि व्याकरणावरची पुस्तकं आली. भाषांतरकारांना आर्मेनियन चर्च संत मानतं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा सणही असतो. भाषांतर करणाऱ्या मंडळींना पंचांगात जागा मिळाली, हे आपल्याकडच्या भाषांतरकारांनी जरूर वाचावं.

या उद्योगाचा फायदा जगालाही झाला. युसेबियसचा ग्रीक कालवृत्तांत मूळ भाषेत हरवला, आर्मेनियनमध्ये मात्र टिकला. इरेनियस या दुसऱ्या शतकातल्या धर्मपंडिताचं एक अख्खं पुस्तक नष्ट झालं असं सगळे धरून चालले होते. १९०४ साली येरेवानमध्ये त्याचं आर्मेनियन भाषांतर सापडलं.

आता तारखा लावून पाहा. लिपी आली ४०५ च्या सुमारास. ४२८ मध्ये इराणने आर्मेनियाचं राजपदच रद्द केलं. ४५१ मध्ये इराणी दरबाराने झरतुष्ट्री धर्म लादायचा प्रयत्न केला तेव्हा आवारायरच्या रणात वार्दान मामिकोन्यानच्या नेतृत्वाखाली आर्मेनियन लढले आणि हरले. राज्य नव्हतं, लढाईही हरली, पण त्या लढाईचा इतिहास येघिशेने आर्मेनियनमध्ये लिहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो वाचला गेला. लिपी पन्नास वर्षं उशिरा आली असती तर हा इतिहास कोणत्या भाषेत लिहिला गेला असता? बहुधा ग्रीकमध्ये किंवा सिरियाकमध्ये, आणि मग तो आर्मेनियन लोकांचा इतिहास राहिला असता की त्यांच्याविषयीचा? त्यानंतर नवव्या शतकात बाग्रातुनी घराण्याने राज्य उभं केलं, पुढे भूमध्य समुद्राकाठी किलिकियाचं राज्य १३७५ पर्यंत चाललं. मग थेट १९१८ पर्यंत आर्मेनियन लोकांचं स्वतःचं राज्य असं नव्हतंच. साडेपाचशे वर्षं भाषा, चर्च आणि लिपी एवढ्यावर भागवलं.

कैदेत पडलेल्या पोथ्या

सगळ्यात जुन्या वळणाला 'येरकातागिर' म्हणतात, म्हणजे लोखंडी अक्षर. मोठी, रेखीव, जड अक्षरं. ती शिलालेखांत आणि जुन्या शुभवर्तमानांत दिसतात. पुढे लहान आणि भरभर लिहिता येणारं 'बोलोरगिर' आलं. आजची छपाईची अक्षरं मुख्यतः त्याच्यावर बेतलेली. सजावटीसाठी पक्ष्यांच्या आकारांतून घडवलेली अक्षरंही आहेत, मान वळवलेला बगळा किंवा मोर म्हणजे एखादं व्यंजन. आर्मेनियन अक्षरकलेला युनेस्कोने २०१९ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पोथी लिहून झाली की लेखनिक शेवटी आपली नोंद जोडत असे. कोणासाठी लिहिली, कोणता राजा आहे, कर किती वाढला, थंडीने शाई कशी गोठली, कोणत्या स्वारीत गाव जळलं. या नोंदी इतिहासकारांना आज मूळ मजकुरापेक्षाही मोलाच्या वाटतात. लुटीत पोथी गेली तर ती 'कैद' झाली असं लिहीत आणि खंडणी भरून परत आणली की 'सुटका' झाली असं. त्यांच्या लेखी पोथी हे कुटुंबातलं माणूस होतं.

यातली सर्वांत प्रसिद्ध पोथी म्हणजे मूशचा प्रवचनसंग्रह. १२००-१२०२ मध्ये लिहिलेला, वासरांच्या कातड्यावर, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. १९१५ च्या नरसंहारात मूशच्या मठाची राखरांगोळी झाली तेव्हा दोन स्त्रियांनी ही पोथी वाचवली. एकीला सबंध उचलणं अशक्य, म्हणून तिचे दोन भाग केले. एक भाग आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाला, एजमियात्सिनला पोचला. दुसरा वाटेत एर्झुरुमच्या मठाच्या आवारात पुरून ठेवावा लागला आणि नंतर सापडला. आता दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात एकत्र आहेत. शेजारीच १४३४ सालची एकोणीस ग्रॅम वजनाची पोथीही ठेवली आहे. मातेनादारानमध्ये सतरा हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत. इमारतीसमोर माश्तोत्सचा मोठा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी शिष्य कोर्युन.

छापखाना: देशाबाहेरच

पहिलं आर्मेनियन पुस्तक छापलं गेलं ते १५१२ साली व्हेनिसमध्ये. छापणारा हाकोब स्वतःला 'मेघापार्त' म्हणजे पापी म्हणवून घेई. पुस्तकाचं नाव 'उर्बातागिर्क', शुक्रवारचं पुस्तक. त्यात आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थना आणि तोडगे आहेत. बायबल छापून निघालं ते १६६६ मध्ये ॲमस्टरडॅमला, वोस्कान येरेवान्त्सीच्या हातून. इराणमध्ये इस्फहानजवळच्या नव्या जुल्फात १६३८ साली आर्मेनियन मंडळींनी पुस्तक छापलं. त्या देशातला तो पहिला छापखाना. १७१७ पासून व्हेनिसच्या सान लाझ्झारो बेटावर मखितार सेबास्तात्सीच्या भिक्षूंनी मठ आणि ग्रंथालय चालवलं, पुढे छापखानाही. लॉर्ड बायरन तिथे आर्मेनियन शिकायला जाऊन बसत असे.

या यादीत आर्मेनियातलं एकही गाव नाही. मायभूमीत छापायची सोय नव्हती, व्यापारी मात्र जगभर पसरले होते, आणि खिळे पाडायला पैसा त्यांनीच पुरवला.

आर्मेनियन अक्षरांतली तुर्की

लिपी म्हणजे भाषा नव्हे, याचा उत्तम दाखलाही इथेच मिळतो. ऑटोमन साम्राज्यातले लाखो आर्मेनियन घरात तुर्की बोलत. ते तुर्कीच लिहीत, पण आर्मेनियन अक्षरांत. अशी पुस्तकं, वर्तमानपत्रं, धर्मग्रंथ ढिगाने निघाले. १८५१ साली वार्तान पाशाने लिहिलेली 'आकाबी हिकायेसी' ही तुर्कीतली पहिली कादंबरी मानली जाते आणि ती आर्मेनियन लिपीत छापलेली आहे. युक्रेन-पोलंडच्या भागात गेलेले आर्मेनियन सोळाव्या-सतराव्या शतकांत किपचाक ही तुर्की कुळातली बोली बोलू लागले होते. त्यांचे न्यायालयीन कागद आणि १६१८ सालचं एक छापील प्रार्थनापुस्तक किपचाकमध्ये आहे, अक्षरं आर्मेनियन.

मायबोली सुटली तरी या लोकांनी अक्षर धरून ठेवलं. म्हणूनच 'भाषा हीच ओळख' हे सरसकट विधान आर्मेनियन लोकांच्या बाबतीत अपुरं वाटतं.

१९१५ नंतर

२४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन लेखक, संपादक, शिक्षक, वकिलांची धरपकड सुरू झाली. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मागोमाग अनातोलियातल्या गावागावांतून लोकांना सिरियाच्या वाळवंटाकडे हाकललं गेलं. वाळवंटातल्या छावण्यांत आया बोटाने वाळूवर मुलांना आयब, बेन, गिम गिरवायला शिकवत, अशी आठवण आर्मेनियन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बैरुतजवळ आन्तुरा इथे ऑटोमन सेनापती जेमाल पाशाने चालवलेल्या अनाथालयात आर्मेनियन मुलांना तुर्की नावं आणि क्रमांक दिले आणि आर्मेनियन बोलायला मनाई केली. युद्ध संपल्यावर अनाथालयं मदतसंस्थांच्या ताब्यात आली तेव्हा आपलं नाव आणि आपली अक्षरं विसरलेल्या मुलांना ती नव्याने शिकवावी लागली. हलब आणि बैरुत इथल्या निर्वासित वस्त्यांत चर्चच्या बरोबरीने शाळा उभी राहिली.

पश्चिम आर्मेनियन बोलणारे हे लोक. पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या आर्मेनिया आणि इराणमधल्या बोलीपेक्षा त्यांचे उच्चार वेगळे. येरेवानमध्ये ज्याला पेत्रोस म्हणतात तो बैरुतमध्ये बेद्रोस. ग्रिगोरचा क्रिकोर होतो. पण लिहिताना या जोड्यांतली नावं सारखीच. हा फरक फक्त कानाला कळतो.

तरी लिपी सगळं सांभाळू शकत नाही. २०१० पासून युनेस्कोच्या नोंदीत पश्चिम आर्मेनियन ही निश्चितपणे धोक्यात असलेली भाषा आहे. लेबनॉन, सिरियातून लोक अमेरिका-फ्रान्सला गेले. तिथे रविवारच्या वर्गात मुलं अक्षरं शिकतात, दागिन्यांवर आणि दंडावर गोंदवूनही घेतात, पण घरी बोलतात इंग्रजी किंवा फ्रेंच. गळ्यात अक्षर आणि जिभेवर परकी भाषा ही अवस्था चांगली नाही, हे त्यांचेच लेखक कडवटपणे सांगतात.

सोव्हिएत काळ आणि शुद्धलेखनाचं भांडण

१९२०च्या दशकात सोव्हिएत सत्तेने कितीतरी भाषांच्या लिप्या बदलून लॅटिन केल्या आणि पुढे त्यातल्या बऱ्याच सिरिलिक केल्या. आर्मेनियन आणि जॉर्जियन लिप्या या दोन्ही लाटांतून वाचल्या. शुद्धलेखन मात्र सुटलं नाही. १९२२ मध्ये मानुक आबेघ्यान याच्या योजनेवरून लेखन उच्चारानुसारी केलं, १९४० मध्ये त्यातले काही बदल मागे घेतले. साक्षरता वाढायला याची मदत झाली असं समर्थक म्हणतात. परदेशस्थ आर्मेनियन लोकांनी हा बदल मानलाच नाही. ते आजही जुनं लेखन वापरतात आणि त्याला अभिमानाने माश्तोत्सचं लेखन म्हणतात. इराणमधले आर्मेनियन पूर्वेची बोली बोलतात, पण लिहितात जुन्या पद्धतीने. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर जुन्याकडे परतावं अशी मागणी अनेकदा झाली, सरकारने ती मानली नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून मराठीत झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या वादातली कळकळ आणि त्याची निष्फळता दोन्ही समजतील. माझं मत विचाराल तर सुधारलेलं लेखन शिकायला सोपं आहे, पण एकाच समाजाच्या दोन अर्ध्यांत दोन शुद्धलेखनं झाली ही किंमत त्यासाठी फार मोठी होती.

मद्रास, कलकत्ता, मुंबई

जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं ते मद्रासमध्ये. हारुत्युन श्माव्होन्यान या धर्मगुरूने १७९४ साली 'आझ्दारार' सुरू केलं. बाळशास्त्रींच्या 'दर्पण'च्या अडतीस वर्षं आधी. ते १७९६ पर्यंत चाललं. त्याच शहरात शहामीर शहामिर्यान या व्यापाऱ्याच्या घराण्याने १७७२ मध्ये छापखाना घातला होता. तिथून निघालेल्या, १७७३ हे वर्ष छापलेल्या एका पुस्तकात स्वतंत्र आर्मेनियासाठी निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या राज्यघटनेचा आराखडा आहे. देश नाही, राजा नाही, आणि मद्रासेत बसून घटना लिहिली जाते आहे! कलकत्त्यात १७२४ चं चर्च आणि १८२१ ची आर्मेनियन शाळा आजही चालू आहे. मुंबईत फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर १७९६ चं आर्मेनियन चर्च आहे.

श्माव्होन्यानची समाधी चेन्नईच्या आर्मेनियन स्ट्रीटवरच्या चर्चच्या आवारात आहे. तिथे किंवा कलकत्त्याला गेलात आणि थडग्यांवरची वर्षं वाचायची झाली तर एक लक्षात ठेवा. वर्षाचा आकडा हजाराच्या वर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ५५१ मिळवायचे. पण भारतातले बरेच आर्मेनियन इराणमधल्या नव्या जुल्फाहून आलेले, आणि ते १६१६ पासून सुरू होणारा आझारियाचा शक वापरत. त्यामुळे वर्ष अगदी लहान, पंधरा किंवा दीडशे असं दिसलं, तर त्यात १६१५ मिळवायचे. कलकत्त्याच्या चर्चमधल्या रेझाबीबीच्या थडग्यावर पंधरावं वर्ष आहे, म्हणजे १६३०.